कुंचीतली रजा

बर्फातल्या त्या चौकीवर जवान दुपारचं जेवण आटोपून रजेवर जात आणि चहाच्या वेळेला परत येत. बंकरात आडवं व्हायचं, तारांची मऊ टोपी कानांवरून ओढून घ्यायची. टोपी डोक्यातल्या घरच्या आठवणी चाळायची आणि झोपेत अख्खी रजा विणून द्यायची. कागदोपत्री ती 'स्वप्नरजा'. पोरांनी टोपीला कुंची म्हणायला सुरुवात केली, कारण ती घातली की भलेभले मिशीवाले तान्ह्या बाळासारखे झोपेत हसत.

खरी रजा बंद झाली नव्हती. रस्ता उघडला की पाळीपाळीनं मिळे. पण पूर्वी पाळीसाठी हातघाईवर येणारे आता "आधी तू जा" म्हणू लागले. पोट भरल्यावर माणूस फार उदार होतो.

धैर्यशील घोरपडेही असाच उदार झाला. गावच्या यात्रेला, मटणाच्या पंगतीत, त्यानं वडिलांना पाहुण्यांदेखत सुनावलं होतं, "आबा, पेन्शनीवर बसलेल्यानं गप्प बसावं." आबा निवृत्त सुभेदार. गप्प बसले ते बसलेच, फोनवरही येईनात. चौकीवर धैर्यशीलला घास गिळवेना. मग एका दुपारी कुंचीत त्यानं आबांचे पाय धरले, पोटभर रडला. आबांनी पाठीवरून हात फिरवला. जागा झाला तेव्हा ते स्वप्न होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. छातीवरचा धोंडा मात्र खरोखरच उतरला होता.

खऱ्या रजेची पाळी आली, तसं त्यानं घरी कळवलं. आणि ऐनवेळी ती चौकीवरच्याच बनसोडेला देऊन टाकली. "तुझी बायको अवघडलीय, तू जा. माझं घरी काही अडलं नाही." घरी निरोप धाडायचं सुचलं ते पोहोचायचा दिवस उलटून गेल्यावर.

पुढच्या वर्षी तो घरी आला तेव्हा आईनं पाण्याचा तांब्या देता देता सांगितलं, "गेल्या खेपेला तू येणार म्हणून हे शेवटच्या एसटीपर्यंत स्टँडवर बसले होते. मला म्हणाले, तंबाखू आणायला जातो. कधी खाल्लीय का रे यांनी तंबाखू?"

तो ओसरीवर गेला आणि आबांचे पाय धरले. "आबा, चुकलं माझं."

आबांनी त्याचा चेहरा निरखला. जन्मभर जवानांचे चेहरे वाचलेला माणूस तो. "हजेरी दिल्यासारखं बोलतोस की."

धैर्यशीलनं आत चाचपून पाहिलं. शरम, हुंदका, काहीच हाताला लागेना. सगळं त्या दुपारी खर्चून झालं होतं. शेवटी त्यानं कुंचीतलं सांगून टाकलं.

"रडलास?"

"लई रडलो."

"आणि मी काय म्हणालो?"

"जाऊ दे म्हणालात."

"बरा आहे की तो म्हातारा. माझ्यापेक्षा मोकळा दिसतोय." आबांनी पाय हळूच मागे घेतले. "त्यानं माफ केलं, तुझं भागलं. पण धैर्या, मी तुझ्यासाठी ठेवली होती ती माफी आता कुणाला देऊ?"