वाटून घेतलेली गोष्ट

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मात्र तिथे होतो. शुद्धीवर होतो आणि ऐन दुपारी होतो. भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं.

मी तेव्हा एका शाळेत कारकून होतो. माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, तिथेच पाचवीला शिकवायची. माझी खोली आणि तिचा वर्ग यांच्यात एक भिंत. तिचा आवाज असा खणखणीत, की माझेही पाढे नव्याने पाठ झाले होते.

त्या वर्षी तिने मुलांना एक काम दिलं. आपापल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, जुन्या गोष्टी, जुन्या समजुती विचारायच्या आणि वर्गात येऊन सांगायच्या.

मुलं हौसेने कामाला लागली. एका आजोबांनी परंपरा म्हणून स्वतःच्या गुडघेदुखीचा इतिहास सांगितला. ताईने तोही ऐकून घेतला.

पण शाळेमागच्या गल्लीतली मुलं एकच गोष्ट घेऊन आली.

तीही तुकड्यातुकड्यांत.

म्हाताऱ्या शिंप्याने सांगितलं होतं, की फार पूर्वी त्या गल्लीतल्या एका बाईचं मूल हरवलं. ती वेड्यासारखी दारोदार विचारत फिरायची, "माझं लेकरू इथं आहे का?" बस्स. पुढचं मला ठाऊक नाही, म्हणाला.

निवृत्त कंपाउंडरला सुरुवात माहीत नव्हती. त्याला ठाऊक होतं ते एवढंच, की ती बाई वारल्यावरही दारं वाजत राहिली. आणि थाप नेहमी खाली पडायची... लहान मुलाच्या उंचीवर.

शेवट फक्त चिमणीच्या आजोबांकडे होता.

चिमणी म्हणजे ताईच्या वर्गातली सगळ्यात लहानखुरी आणि सगळ्यात बडबडी पोर. आजोबांचं कुलूप-किल्ल्यांचं दुकान. ते काही केल्या सांगेनात. चिमणी हट्टाला पेटली, रुसली, जेवेना. शेवटी म्हातारा विरघळला.

त्या दुपारी ताईने मुलांना तिन्ही तुकडे ओळीने सांगायला लावले. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो.

आधी शिंप्याचा. मग कंपाउंडरचा.

मग चिमणीचा बारीक आवाज आला.

"सगळे लोक नाही म्हणायचे. पण एका घरात एक मुलगी एकटीच होती. तिने गंमत म्हणून आतून सांगितलं... हो आई, मी इथंच आहे."

आणि...

समोरच्या सुताराची करवत थांबली.

माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर ऐकू येईना.

इतर वर्गांतला गलका... नाहीसा झाला.

मग थाप पडली.

ताईच्या वर्गाच्या दारावर. खाली.

मी बाहेर डोकावलो. व्हरांडा रिकामा होता. बंद दार माझ्यापासून हाताच्या अंतरावर. समोर कुणी नाही.

आणि दार हललं...

थप... थप...

"कोण आहे?" आतून ताईने विचारलं. खणखणीतपणा कुठच्या कुठे पळाला होता.

व्हरांड्यात कुणीही बोललं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण आतल्या प्रत्येक मुलाने ते ऐकलं. ताईनेही.

"माझं लेकरू इथं आहे का?"

"नाही!" ताई किंचाळली. "कुणी बोलू नका रे!"

तेवढ्यात चिमणी म्हणाली...

"हो आई."

मी दार ढकललं. मुलं बाकांखाली शिरली होती. ताई भिंतीला चिकटली होती. आणि चिमणी वर्गाच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात वर करून. कडेवर घे म्हणताना तान्हं पोर करतं ना, तशी. टाचा जमिनीवरून उचललेल्या.

बाहेर करवत सुरू झाली.

चिमणीने हात खाली घेतले.

तिला घरी पोचवायला मीच गेलो. आजोबा दुकानात कानशीने किल्ली घासत बसले होते. त्यांनी नातीकडे पाहिलं आणि कानस हातातून गळाली.

"सगळी सांगितली? एका जागी?"

मी मान डोलावली.

"म्हणून तर वाटून घेतली होती रे आम्ही. सगळी कुणा एकाकडे राहायला नको. आणि साफ विसरूनही चालत नव्हतं... थाप ओळखता यायला हवी ना."

मी विचारलं, "उत्तर देणारी ती मुलगी कोण होती?"

"माझी थोरली बहीण."

"मग? तिचं काय झालं?"

"काय व्हायचंय? शिकली, संसार केला, म्हातारी होऊन गेली." ते कानस शोधत राहिले. ती त्यांच्या पायाशीच पडली होती. "पण आमच्या आईला पुन्हा कधी आई म्हणाली नाही."

इतक्यात चिमणीची आई ओले हात पुसत बाहेर आली. "अगं बाई, आज लवकर सुटली का शाळा?" म्हणत तिने लेकीला जवळ घ्यायला हात पुढे केले.

चिमणी मागे सरकली. परक्या घरी बोलावं तसं, अगदी शहाण्यासारखं म्हणाली,

"काकू, माझी आई येईपर्यंत मी इथे बसू?"

आधी सगळ्यांना ती थट्टा वाटली. मग डॉक्टर झाले, उपाय झाले. त्या माउलीने किती रात्री रडून काढल्या, देव जाणे. पुढे चिमणी तिला आई म्हणू लागली खरी, पण शिकवलेला शब्द म्हणावा तशी. ताईने त्या वर्षानंतर शाळा सोडली.

परवा एका दवाखान्यात चिमणी भेटली. आता ती तिथे नर्स आहे. मला लगेच ओळखलं, चहा पाजला, ताईची चौकशी केली. मला इतकं बरं वाटलं, की निघताना मीही सहज विचारलं,

"आणि आई कशी आहे गं?"

"कोणती?" ती म्हणाली.

मी हसलो.

ती हसली नाही.

ताईला हे मी अजून सांगितलेलं नाही.