दीनानाथांचं सव्विसावं हेलिकॉप्टर

"काय चोरीला गेलं म्हणालात?" सुशीलाबाईंनी पुन्हा विचारलं.

"हेलिकॉप्टर," दीनानाथ वैशंपायन म्हणाले.

"शुक्रवार पेठेतून?"

"लाकडाचं आहे, आई," अस्मितानं हळूच सांगितलं.

"मग तसं सांगावं माणसानं."

सुशीलाबाई चौथी शिकलेल्या. सून अस्मिता चौकशीचा धंदा करायची. खराडीच्या आयटीतली स्थळं आतून कशी आहेत, ते लग्नाआधी शोधून द्यायची. परक्या पुरुषाच्या घरी सुनेनं एकटीनं जाऊ नये, म्हणून सासूबाई बरोबर असत. निदान त्या सांगत तसंच. मुलगा अमेरिकेला जाऊन तीन वर्षं झाली होती. सून बाहेर गेली की घरात बोलायला भिंती उरत, आणि भिंतींना उलट उत्तर देता येत नाही.

खोलीत खुर्ची एकच होती. ती सुशीलाबाईंनी घेतली.

समोर तीन फळ्यांवर पंचवीस हेलिकॉप्टरं. सगळी शिवणीच्या लाकडाची, हातानं कोरलेली. दीनानाथांनी नौदलात तेवीस वर्षं खऱ्या हेलिकॉप्टरांची देखभाल केली होती. निवृत्तीनंतर एकेक आठवून घडवलं. प्रत्येकासमोर मराठीत लिहिलेलं कार्ड होतं. कधी दाखल झालं, कोणत्या जहाजावर होतं, कधी सेवेतून गेलं.

'माणसाचंसुद्धा इतकं कुणी लिहून ठेवत नाही,' सुशीलाबाईंच्या मनात आलं.

मधल्या फळीवर परातीएवढी जागा मोकळी होती.

"सी किंग होतं. पाच पंखांचं," दीनानाथ म्हणाले. "खरं यंत्र अठरा वर्षांपूर्वी कोचीनहून उडालं आणि समुद्रात पडलं. चौघं गेले. वैमानिकाच्या पत्नी, विमलाबाई, आज चार वाजता साताऱ्याहून येताहेत. ते त्यांना द्यायचंय. पुढच्या आठवड्यात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. पुढचं कुणी सांगावं?"

"कार्डही गेलं?" अस्मितानं विचारलं.

"हो. कालच लिहिलं होतं."

"काय लिहिलं होतं?"

"इतिहास. सगळ्यांचा असतो तसा." म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

सकाळी आठला त्यांनी ते पुसून ठेवलं होतं. अकराला जागा रिकामी. मधे तिघं येऊन गेले. लाकूडबाजारातला भैरू पोत्यातून शिवणीचे तुकडे घेऊन आला. दीनानाथ त्याच्यासाठी चहा करायला आत गेले. आमोद नावाचा माणूस भली मोठी पेटी घेऊन फोटो काढायला आला. तेवढ्यात बाहेर फोन वाजला, दीनानाथ तो घ्यायला गेले. मुलगा अभिनव पाठीवर ऑफिसची सॅक लावून औषधं द्यायला आला; दीनानाथ अंघोळीला होते.

"मुलगा इथं राहत नाही?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"खराडीला. दर शनिवारी येतो. दहा मिनिटं."

"दहा मिनिटं तरी येतो," त्या म्हणाल्या आणि पदर सारखा करायला लागल्या.

अस्मिता भिंतीवरच्या फोटोपाशी उभी होती. जहाजावर एक हेलिकॉप्टर. पंख मागे वळवून पाठीवर टाकलेले, त्यांच्या टोकांना पिशव्यांसारखं काहीतरी. सुशीलाबाईंना ते मेलेल्या झुरळासारखं दिसलं, पण यजमानाच्या घरी असं बोलू नये म्हणून त्या गप्प बसल्या.

"आणखी काही गेलंय?" अस्मितानं विचारलं.

"नाही. म्हणजे, सुईदोऱ्याच्या डब्यातल्या पाच लाल खोळी दिसत नाहीत. बोटभर लांबीच्या. उंदरानं नेल्या असतील."

"भातुकली खेळता का काय?" सुशीलाबाई म्हणाल्या. अस्मिता मात्र हसली नाही.

तिनं तिघांनाही फोन करून बोलावलं.

पहिला आला भैरू.

"पोत्यात घालून नेलंस का रे?" सुशीलाबाईंनी थेट तोफ डागली.

"आजी, पोत्याचं तोंड बघा आन् त्या पंख्यांची रुंदी बघा. मोडल्याबिगर आत जाईल व्हय? आन् काकांचं काम मोडायला माझा हात धजावतोय? येक बनवायला चार म्हैनं लागत्यात त्यास्नी. म्या बघितलंय. मी दुसरं लाकूड देतो, फुकाट, म्हनलं ना!"

मग आमोद. घामाघूम.

"मॅडम, मी एका कंपनीच्या लॉबीसाठी मॉडेल्स बघतोय, ओके? पण हेच पीस मला चालणार नव्हतं. माझ्या बॉक्समध्ये बसेना. सरांना म्हटलं, ब्लेड्स काढून द्या. सर भडकले. आणि ती मराठी कार्ड्स मला काय करायचीत? लॉबीत इंग्लिश लागतं. तुम्ही पोलीस कम्प्लेंट करा ना सरळ."

"इंग्लिश कार्ड वाचून हेलिकॉप्टर उडतं का?" सुशीलाबाईंनी विचारलं.

त्यांचं मत पक्कं झालं होतं. पेटी सर्वांत मोठी, म्हणजे चोर हाच.

साडेतीनला अभिनव आला. तिशीचा, डोळे तांबारलेले. बापाकडे न बघताच म्हणाला, "बाबा, आता त्या बाईंना फोन करून नको म्हणून सांगा. द्यायला काही नाही, तर कशाला बोलवायचं? नंतर बघू."

"त्या बसमध्ये बसल्या," दीनानाथ म्हणाले.

"तुमचं बालपण कोचीनला गेलं ना?" अस्मितानं अभिनवला विचारलं.

"बाराव्या वर्षापर्यंत. नौदलाच्या क्वार्टर्समध्ये. का?"

अस्मितानं भैरू आणि आमोदला जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.

"आई, तुम्ही सगळ्यात मोठी पेटी शोधत होतात. मीही आधी तेच केलं. पण हा फोटो बघा. जहाजावर जागा कमी, म्हणून हे यंत्र उतरलं की पंख मागे मिटतात, शेपूटही दुमडते. दीनानाथकाका काहीच आठवणीबाहेरचं करत नाहीत. त्यांचं लाकडी सी किंगसुद्धा मिटत असणार. हो ना, काका?"

दीनानाथांनी मान हलवली.

"मिटलं की दुधी भोपळ्याएवढं. कुठल्याही सॅकमध्ये मावेल. भैरूला हे माहीत नव्हतं. तो मोडण्याची भाषा करत होता. आमोदना माहीत असतं तर त्यांनी पंख काढून मागितले नसते."

"आणि त्या चिंध्या?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"तीच चोराची चूक. मिटलेले पंख वाऱ्यावर हलू नयेत म्हणून जहाजावर त्यांना खोळी घालतात. विकायला नेणारा कशाला घालेल? घाईत, वडील अंघोळीहून यायच्या आत, कुणीतरी डबा उघडून पाचही खोळी काढल्या. पंख मिटले की खोळी घालायच्याच, हे वळण ज्याच्या हाताला लहानपणी लागलं, त्यानंच. बाकी दोघांनी नवं लाकूड, पोलीस असं सुचवलं. विमलाबाई येऊच नयेत, असं एकालाच वाटत होतं."

अभिनव भिंतीला टेकला.

"गाडीत आहे. खाली," तो म्हणाला. "सकाळपासून तसाच गाडीत बसलोय. कार्ड वाचलंत तुम्ही, मॅडम? शेवटची ओळ?"

"मी सांगतो," दीनानाथ म्हणाले. "उड्डाणाआधी शेपटीच्या गिअरबॉक्सचं तेल बघायचं होतं. घाई होती. वर न चढताच, तपासलं म्हणून मी सही केली. यंत्र खोल पाण्यात गेलं, चौकशीत काहीच निघालं नाही. मी मात्र सही केली होती."

"तेल कमी होतं असं कुठंय?" अभिनवचा आवाज फाटला. "माहीत नाही तुम्हाला! आणि त्या बाई चार शब्द बोलल्या तर तुमचं हृदय ते सोसेल? कार्ड फाडलं असतं तर तुम्ही तोंडानं सांगितलं असतंत. म्हणून हेलिकॉप्टरच उचललं."

"काका, तुम्हाला अकरालाच कळलं होतं," अस्मिता म्हणाली.

"कळलं होतं. पण पोटच्या पोराला चोर म्हणायला जीभ वळेना, म्हणून तुम्हाला बोलावलं." दीनानाथ मुलाकडे वळले. "अठरा वर्षं मी हे एकट्यानं सांभाळलंय रे. आता नाही झेपत. घेऊन ये वर."

अभिनव गेला. आला तेव्हा त्याच्या मागोमाग जिन्यात विमलाबाई होत्या. साठीच्या, ताठ, हातात कापडी पिशवी. सुशीलाबाई आपणहून खुर्चीवरून उठल्या.

दीनानाथांनी एकेक खोळ काढली, पंख उघडले आणि कार्ड पुढे ठेवलं. विमलाबाईंनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. दोनदा.

"हे आधी का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या.

त्यांनी कार्ड खाली ठेवलं.

"त्या सकाळी हे माझ्याशी भांडून गेले होते. क्षुल्लक गोष्ट. डबा नेला नाही. अठरा वर्षं मी समजत होते, यांचं लक्ष थाऱ्यावर नव्हतं म्हणून..." त्यांनी ओठ घट्ट मिटले. "माझ्या मुलीलासुद्धा मी हे सांगितलेलं नाही. आणि तुम्ही इथं बसून लाकडं कोरत होतात?"

दीनानाथांची मान खाली गेली. अभिनव पुढे सरकला, पण सुशीलाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

विमलाबाई खुर्चीत बसल्या आणि सी किंग मांडीवर घेतलं.

"कुठं बघायचं राहिलं, ते दाखवा मला."

दीनानाथांनी बोट शेपटीवर ठेवलं.

"आता सांगा," त्या म्हणाल्या. "अगदी पहाटेपासून. आणि यांनी काही खाल्लं होतं का, तेही."

"खाल्लं होतं," दीनानाथ म्हणाले. "माझ्या डब्यातलं."