जिन्याखालचा होकार

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर मूर्खच समजत आले. आता माझ्यावरच ती वेळ आलीय. जे घडलं ते खरं आहे. हसायचं तर खुशाल हसा.

इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. गेल्या नोव्हेंबरमधला रविवार. संध्याकाळचे साडेचार, म्हणजे इथे पूर्ण अंधार.

आमच्या हॉलच्या भिंतीवर घरातलं हीटिंग चालू-बंद करणारा जुना थर्मोस्टॅट होता. गोल, पिवळा पडलेला. माझा नवरा अंशुमन तो स्वतः बदलणार होता. दोन व्हिडिओ पाहिले की हा माणूस इलेक्ट्रिशियन होतो! याआधी याने लावलेलं शेल्फ तीन दिवसांत माझ्या कपबश्यांसकट खाली आलं होतं.

“सुलू, जिन्याखाली फ्यूज बॉक्स आहे ना, त्यातला हीटिंगचा स्विच बंद कर,” तो म्हणाला.

“साधा बल्ब धड बदलता येत नाही, आणि म्हणे थर्मोस्टॅट!”

मी त्याच्याशी नेहमी अशीच बोलायचे.

थांबू दे जरा, म्हणून मी आधी कचऱ्याचे बिन्स बाहेर ठेवायला गेले. फुटपाथवर शेजारच्या रेखाकाकू भेटल्या. पाच मिनिटं बोलत उभी राहिले.

आणि घरातून...

धप्प!

अंशुमन भिंतीपाशी पडला होता. बोटं काळी पडलेली.

मी जिन्याखाली धावले. तिथल्या कपाटाच्या दाराला बाहेरून कडी होती. आत स्विच... चालूच.

तो बंद केला आणि अंशुमनची नाडी पाहायला बसले. मी डॉक्टर आहे; नाडी लागली तशी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली.

ए अँड ईमध्ये, म्हणजे हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, त्याने पहिलंच विचारलं, “तू ‘हो’ का म्हणालीस?”

“कधी?”

“मी विचारलं, बंद केलास का? तू जिन्याखालून म्हणालीस... ‘हो. किती वेळा विचारशील, मूर्खा?’”

“अरे, मी बाहेर होते! रेखाकाकूंना विचार.”

त्याने मान फिरवली.

“आवाज तुझाच होता. माझ्याशी असं दुसरं कोण बोलतं?”



दोन आठवड्यांनी खरा इलेक्ट्रिशियन आला. मी हॉस्पिटलमध्ये ड्युटीवर होते, अंशुमन वर पडून होता. काम संपवून तो म्हातारा गोरा अंशुमनला म्हणाला, “बायकोला सांगा, स्विच चालू होता. मी विचारलं तर जिन्याखालून ‘बंद आहे’ म्हणाली. बोलण्याची पद्धत काही आवडली नाही, म्हणून मी स्वतः तपासलं.”

म्हणजे... तिला इंग्रजीही येतं.

आता मी अंशुमनशी जपून बोलते. टोमणा जिभेवर आला तरी गिळते.

परवा मी वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. खालून त्याचा आवाज आला. रडवेला.

“कळलं गं... पुन्हा नाही करणार. आता बस कर ना.”

मी तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.