आवाज हळूहळू वाढवायचा

काम तसं क्षुल्लक होतं. शनिवारची दुपार, जेवणं आटोपलेली, बायको बहिणीकडे निघालेली. चपला घालता घालता ती म्हणाली, "तेवढी गाणी सुरू करून दे ना रे. तुझ्या डाव्या हातचा मळ."

आमच्या लग्नाला आठ महिने झाले होते. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा ध्वनिमुद्रक होता, तीन वर्षांपूर्वी झोपेतच गेला. मी तिच्या घरी राहायला आलो तोवर त्याचे कपडे, पुस्तकं, सगळं आवरलेलं होतं. राहिला होता फक्त हॉलच्या कोपऱ्यातला त्याचा कॉम्प्युटर आणि कमरेइतके उंच दोन स्पीकर. त्यात त्याने छोट्या छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कामं आपोआप करून घेणारे प्रोग्रॅम, लिहून ठेवल्या होत्या. सकाळी सातला गाण्यांचं ॲप आपोआप उघडायचं. संध्याकाळी तिचा मोबाइल घरच्या वायफायला जोडला गेला की गाणं सुरू. माणूस गेला, पण तिचं स्वागत रोज तोच करायचा. गेल्या आठवड्यात ॲप अपडेट झालं आणि हे सगळं बंद पडलं. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं.

पण ऑफिसात मी दिवसभर असल्याच स्क्रिप्ट लिहितो, त्यामुळे नाही म्हणायला तोंड नव्हतं. बसलो. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला, तापलेल्या धुळीचा वास आला. दोष दहा मिनिटांत सापडला. अपडेटनंतर ॲपने स्क्रिप्टची परवानगी काढून घेतली होती. एका चौकटीत बरोबरची खूण करायची, की झालं.

मी खूण केली नाही. आधी ती स्क्रिप्ट वाचली.

मधूनमधून त्याने स्वतःसाठी टिपा लिहिल्या होत्या. "ती दमून येते. एकदम मोठ्याने नको. आठ सेकंदांत आवाज हळूहळू वाढवायचा." पुढे, "हॉलचा दिवा लावला नाही, म्हणजे डोकं दुखतंय. फक्त सतार." ती कधीकधी अंधारात बसते ते मला माहीत होतं. मला वाटायचं, वीज वाचवते. मीच दिवा लावायचो.

मेलेल्या माणसाचा कसला हेवा करायचा, असं मनाला बजावलं. पण हात थांबले नाहीत. त्याच्या गाण्यांची यादी मी पुसून टाकली. माझ्या आवडीच्या चाळीस गाण्यांची नवी यादी केली, स्क्रिप्टमध्ये त्या यादीचं नाव घातलं आणि मगच परवानगी दिली. जुनी गाणी गेली अपडेटमध्ये, असं तिला सांगणार होतो.

माझं पहिलं गाणं वाजलं. चार सेकंद. मग पुढचं. तेही चार सेकंद. एकामागून एक चाळीसही गाणी त्याने चार-चार सेकंद ऐकली आणि पुढे ढकलली... 'त्याने' म्हणतोय मी. तेव्हाही तोंडून तेच आलं होतं.

स्क्रिप्ट जे काही करते त्याची नोंद एका फाइलमध्ये होते. ती उघडली. चाळीस वेळा एकच ओळ: "नको." मी असं काहीही लिहिलेलं नव्हतं. स्क्रिप्टमध्येही तो शब्द कुठे नव्हता. कीबोर्ड काढला, माउस काढला, पुन्हा लावून पाहिलं. "नको. नको." शेवटी चिडून मी सगळ्या स्क्रिप्ट कायमच्या पुसून टाकल्या. खोली शांत झाली. नुसता पंखा.

चार बेचाळीसला, माझ्या डोळ्यांदेखत, फाइलमध्ये एक ओळ उमटली. "ती आली."

ती सातला येणार होती.

स्पीकरमधून गाणं निघालं. आधी श्वासाइतकं, मग जरा मोठं. मी मनात मोजत होतो. आठ. आणि बाहेर कुलपात किल्ली फिरली.

"बहिणीला अचानक जावं लागलं..." ती बोलता बोलता थांबली. पुसून टाकलेल्या यादीतलंच गाणं होतं. तिचे डोळे भरून आले. "तू केलंस?"

"हो," म्हणालो.

ती माझ्या खांद्यावर डोकं टेकायला आली. मी तिला जवळ घेतलं, आणि गाणं बंद पडलं.

या गोष्टीला आता दोन महिने झाले. ते रोज वाजतं. मी खोलीत आलो की थांबतं. बायको हसते, म्हणते, "तुझ्यावर रुसलंय." एकदा वायर काढून पाहिली. तिने दिवसभर तोंड पाडलं. मग मीच परत जोडली.

परवा ॲपमध्ये मला एक नवी यादी दिसली. नाव होतं, "तो गेल्यावर". वाटलं, हिनेच केली असेल, त्याच्या आठवणीसाठी. बरं वाटावं म्हणून विचारलं, "ही तू केलीस?"

"मला ते सुरूसुद्धा करता येत नाही, माहितीये ना तुला?"

यादीतली गाणी मी एकेक करून तपासली. एकूण एक गाणी या दोन महिन्यांत निघालेली आहेत. मी घरात असताना ती एकदाही वाजलेली नाहीत.

आज सकाळी बायको ओट्यापाशी उभी राहून त्यातलंच एक गुणगुणत होती. तिला दुसरं कडवंही पाठ होतं.