पाठमोरी होडी

"होडीला कुणी भोकं पाडतं का हो? या कारखानेवाल्यांनी एक नाही, दोन नाही, तीन पाडून ठेवलीत!"

वर्कशॉपच्या दारात ट्रेलरवर ॲल्युमिनियमची नवीकोरी मासेमारीची होडी उभी होती. तिच्यात घोट्याइतकं पाणी साचलेलं, आणि शेजारी तिचा मालक नखशिखांत भिजलेला. तो तावातावाने बोलत होता तोवर एक मुलगी होडीखाली शिरलीही होती.

"आणि तुम्ही ती बुजवलीत?" खालून प्रश्न आला.

"दोनच. तिसऱ्याला आधीच बूच होतं."

होडीखालून आधी खळखळून हसू बाहेर आलं, मग पान्हा, मग ती. वर्कशॉप तिच्या बाबांचं. सगळे तिला चिमटी म्हणायचे, कारण जिथे कुणाचा हात पोचत नसे तिथे हिचा बारीक हात बरोबर शिरायचा. जीभ मात्र बारीक नव्हती.

"नीट बघा," ती म्हणाली. "हे बुचाचं भोक. होडी काठावर आणली की बूच काढून पाणी सोडून द्यायचं. हे वरचं, पंपाचं. आत आलेलं पाणी इथून बाहेर फेकलं जातं. ते तुम्ही लिंपून टाकलंत, म्हणून आत तळं झालं. आणि हे जाळीवालं... माशांच्या टाकीला ताजं पाणी इथून मिळतं."

"म्हणजे माझ्या माशांचं नाक मीच दाबून धरलं?"

"चांगलं घट्ट!"

तो कानापर्यंत लाल झाला. पुरुष लाजला की इतका बरा दिसतो, हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

तिने भोकांत भरलेली लांबी खरवडून काढली आणि मासेवाल्याची बोळवण केली. दुसऱ्या दिवशी स्वारी पुन्हा हजर! जाळी पाणगवताने गच्च भरली होती म्हणे. तलावापलीकडच्या मोठ्या हॉटेलात त्याला जिवंत मासे पोचवायचे होते. रस्त्यात पाणी बंद पडलं तर संपलंच.

"मग ही जाळी काढून मोठी टोपी बसवू," ती म्हणाली. "उघड्या तोंडाची. होडी धावायला लागली की पाणी आपोआप आत घुसतं."

त्याने मोठ्या ऐटीत पिशवीतून एक चकचकीत पितळी टोपी काढली. "अशी?"

"परत करा. ओल्यात पितळ आणि ॲल्युमिनियम एकत्र नांदत नाहीत. पितळ मजेत राहतं, झिजतो तो बिचारा पत्रा."

"अशी घरं असतात."

"मला नको बाई असलं घर!" ती फटकन बोलून गेली. मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं आणि तिने उगाचच ड्रिल मशीन सुरू केलं.

त्या संध्याकाळी तिने जाड नायलॉनची टोपी बसवली. तो होडीच्या मागे उकिडवा बसून बॅटरी धरत होता. त्याच्या गालावर ग्रीसचा डाग लागला होता. तो पुसायला सांगावं की नाही... तिने नाही सांगितलं.

"चिमटे, स्क्रू आवळतेयस की गप्पा?" बाबा आतून ओरडले.

"दोन्ही!"

खाली पाण्याचा टब ठेवून वर्कशॉपचा पंप टोपीला लावला. टाकी बघता बघता भरली, आणि त्याने लहान मुलासारख्या टाळ्या पिटल्या.

"उद्या मासे जिवंत पोचले तर हॉटेलचं काम कायमचं माझं," तो म्हणाला. "मेले, तर होडी विकून ताईच्या गावी. दाजींच्या कापडाच्या दुकानात मीटर घेऊन बसायचं." तो हसला खरा, पण ते हसू काही टिकलं नाही. तिने पंपाची नळी उगाचच पुन्हा गुंडाळली. हा गेला तर? छे, कालपरवा भेटलेला माणूस! पण मन ऐकेल तर ना.

सकाळी ती दुसऱ्याच एका होडीचं बूड धूत होती. हात फिरता फिरता तिथल्या टोपीवर आला... आणि तिथेच थबकला. हिचं तोंड पुढे होतं. पुढेच हवं! आणि काल? काल आपण तोंड कुठे केलं होतं? तो मागे बसला होता, बॅटरी, तो डाग... आणि तिच्या हातांनी टोपी फिरवली होती थेट त्याच्याकडे. मागे! उभ्या होडीत त्याने काही बिघडत नाही. पण होडी धावू लागली की अशा टोपीतून पाणी आत यायचं सोडून उलट बाहेर ओढलं जातं.

तिने फोन लावला. मोटारीच्या आवाजात तो कसला ऐकतोय!

"बाबा, स्कूटरची किल्ली! माझी चूक झालीय!"

बाबांनी हातातलं काम टाकून किल्ली दिली. हे वाक्य त्यांनी लेकीच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

हॉटेलच्या वाटेवरच्या पुलाखाली सगळ्या होड्यांना वेग कमी करावाच लागतो. ती पुलावर पोचली तेव्हा त्याची होडी खालून सरकत होती.

"अहो! थांबा!" ती कठड्यावर वाकून जीव खाऊन ओरडली. "थांबा म्हणते ना... अरे, थांब!"

त्याने होडी काठाला लावली. पायऱ्या उतरून ती काठावर आली आणि तिने होडीत उडी टाकली. टाकी अर्ध्यावर आली होती आणि मासे कुशीवर पडून तोंडं उघडत होते. तो घामाघूम.

"बादलीने ओततोय तेवढं खालून जातंय. बोळा कोंबू का?"

"पुन्हा नाक दाबतोस? गुदमरतील!"

"मग टोपी फिरव."

"टोपीभोवतीची लांबी सुकलीय. पाण्यात ती उखडली तर आपणच बुडू." एकदम तिचे डोळे चमकले. "टोपीचं तोंड मागे आहे ना? मग आपणही मागेच जाऊ! गिअर उलटा टाक."

"सबंध तलाव? पाठमोरं?"

"टाक रे!"

होडी मागे सरकू लागली आणि टाकीत गुळगुळ करत पाणी चढलं. एक मासा सरळ झाला, मग दुसरा. ती आनंदाने किंचाळली. समोरून जाणारे होडीवाले पोट धरून हसत होते. तो त्यांना हात हलवून नमस्कार करत होता.

"एवढी हुशार तू," तो म्हणाला, "चुकलीस कशी?"

"तोंड पुढे करायचं होतं... मी तुझ्याकडे केलं."

"का?"

"उजेड स्क्रूवर होता." ती पाण्याकडे बघत म्हणाली. "पण मी तुलाच बघत होते. झालं समाधान?"

होडी वेडीवाकडी होऊन एका तरंगत्या पिंपावर आदळता आदळता वाचली.

"मग माझंही ऐक," तो घाईघाईने म्हणाला. "जाळीत गवत अडकलं होतं ना, ते मीच कोंबलं होतं. पुन्हा यायला काही निमित्त नको?"

"म्हणजे कारखान्याची जाळी चांगली होती?"

"उत्तम होती."

"मूर्ख! अगदी मूर्ख माणूस आहेस तू!" असं म्हणताना तिला इतकं हसू येत होतं, की शेवटचा शब्द धड ऐकूच आला नाही.

हॉटेलच्या धक्क्यावर तिथली मुख्य स्वयंपाकीण कमरेवर हात ठेवून उभी होती. "उशीर केलात. आणि हे असे उलटे का आलात?" तिने टाकीत हात घातला. माशाने अशी सणसणीत शेपटी मारली की तिचा ॲप्रन भिजून गेला. भिजला ॲप्रन पिळत ती म्हणाली, "उलटे या, आडवे या. रोज असेच जिवंत आणा."

त्याने जागच्या जागी उडी मारली. होडी डचमळली आणि चिमटीने त्याचा दंड धरला. मग सोडायचं राहूनच गेलं.

मासे उतरले. टाकी रिकामी झाली.

"आता सुसाट जाऊ," तो मोटार सुरू करत म्हणाला. "बाबा वाट बघत असतील. पाच मिनिटांत पुलावर तुझ्या स्कूटरपाशी पोचवतो तुला."

"हो का?" ती म्हणाली.

त्याने गिअर पुढे टाकायला हात नेला. तिने त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दांडा हळूच मागे ओढला.