सांगानेरची मूठभर माती

मातीपुढे हार मानणं विभाला ठाऊकच नव्हतं. जयपूरच्या प्रयोगशाळेत आलेल्या मातीतून पालापाचोळा, मुळं, कुजलेलं सगळं ती असं वेगळं काढी की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. रविवारी शहराबाहेर सांगानेरला तिच्या नि नवऱ्याच्या प्लॉटचं भूमिपूजन झालं. बाकीच्या बायका प्रसाद बांधून घेत होत्या आणि ही बाईसाहेब पिशवीत मूठभर माती भरत होती. घर बांधायचं, तर जमिनीची ओळख नको?

सोमवारी तिनं ती माती जड द्रावणात ढवळली. वाळू तळाला बसली, मुळांचे तंतू वर तरंगले. ते काढून तिनं खालची माती भट्टीत भाजली. त्या आचेत मुळाचा मागमूसही उरत नाही. माती विटेसारखी लाल झाली. ती पुन्हा द्रावणात टाकली, तर पुन्हा मुळं वर आली. पांढरी, टवटवीत.

"भांडं नीट धुतलं नसेल," शेजारच्या टेबलावरून कीर्ती म्हणाली.

"माझं भांडं?" विभा फणकारली.

मंगळवारी सकाळी तिनं नवं भांडं घेतलं आणि माती पुन्हा भाजली. यावेळी मुळं आणखी लांब निघाली. तिनं ती काचेच्या बशीत काढली. सगळ्यांची टोकं खिडकीकडे होती. उजेडामुळे असेल, म्हणून तिनं बशी अंधाऱ्या कपाटात ठेवून उलट दिशेला वळवली. मुळं सावकाश वळली आणि पुन्हा त्याच दिशेला लागली.

"तिकडे काय आहे गं?" कीर्तीनं हळूच विचारलं.

"सांगानेर."

विभाला भीती वाटली. आज पाया खणायचा होता. रजा टाकून तिचा नवरा अनिमेष छोट्या तनयाला घेऊन तिथेच गेला होता. तिनं घाईघाईनं फोन लावला.

"खणून झालं बघ," नवरा खुशीत होता. "काय माती आहे! तनया तर अनवाणीच उतरलीय खड्ड्यात."

"तिला वर घे. आत्ता!"

"अगं, खेळू दे की."

मागून लेकीचा आवाज आला. "आई, मिट्टी एकदम ठंडी आहे!"

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.

"अनिमेष, उचल तिला!"

"उचलतोय गं. पाय जरा रुतलेत. थांब, फोन खाली ठेवतो."

विभानं बशीकडे पाहिलं. मुळांची टोकं आता कुठल्याच दिशेला नव्हती. काहीतरी हाती लागावं, तशी ती घट्ट मिटली होती.