भिंतीकडच्या नऊ बल्ल्या

सकाळी साडेआठला पंचशीलाचा फोन वाजला. पलीकडे सुमनबाई होत्या. त्या रडत नव्हत्या, याचीच पंचशीलाला भीती वाटली.

"ताई, ह्यांच्यावर छज्जा पडलाय. हलायले न्हाईत. तुमी लगेच या."

पंचशीला बिदरच्या बांधकाम कामगार संघटनेची सचिव. सुमनबाईंचे यजमान राजपाल हे संघटनेचे जुने सभासद, बावीस वर्षांचा अनुभव असलेले सेंट्रिंग मिस्त्री. स्लॅबखाली फळ्या आणि टेकूच्या लाकडी बल्ल्या लावायच्या, काँक्रीट पक्कं झालं की उतरवायच्या, हे त्यांचं काम. दोनच दिवसांपूर्वी ते बिदरजवळच्या नौबादमधल्या संघटनेच्या कचेरीत आले होते. हुमनाबादच्या मंगल कार्यालयाचा छज्जा ओतून आठवडाच झाला होता आणि मालक आधार काढायला सांगत होता. पंचशीलाने त्याच दिवशी जाऊन मालकाला पत्र दिलं होतं: एकवीस दिवस बल्ल्यांना हात लावायचा नाही. मालकाने हसून सही केली होती, चहाही पाजला होता. तेव्हापासून संघटनेची माणसं रस्त्यावरून रोज बघून जात होती.

ती हुमनाबादला पोहोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. हायवेवरच्या लॉऱ्या वेग कमी करून बघत पुढे जात होत्या.

दारावरचा आठ फुटी छज्जा मधोमध मोडला होता. रस्त्याकडच्या बल्ल्या, राजपालनी निळ्या रंगात घातलेल्या तारखेसकट, तशाच उभ्या होत्या आणि त्यांच्यावर एक तुकडा तिरपा टेकला होता. भिंतीकडचा भाग खाली आला होता. त्याखालून राजपालना नुकतंच बाहेर काढलं होतं. अंगावर, दगडांवर, सगळीकडे राखाडी चिखल उडाला होता. राजपालच्या मुठीत पाण्याचा पाईप होता.

फौजदार मल्लेश्वरी लिहून घेत होत्या. बाजूला मालक शिवशंकरप्पा रुमालाने डोळे पुसत होते. सुपरवायझर शरणबसव भिंतीला टेकून उभा होता.

"अक्का, सोन्यासारखा मिस्त्री गेला," शिवशंकरप्पा म्हणाले. "पन काय करायचं? त्यानंच बल्ल्या ठोकून काढल्या. हातोडा तिथंच हाय बघा."

हातोडा राजपालच्या जागेपासून हातभर अंतरावर होता. पंचशीला वाकली. दांडा कोरडा, स्वच्छ. चिखलात रुतलेलाही नव्हता.

"तुम्ही कुठं होता अप्पा?"

"कलबुर्गीला, पावण्याकडं. कालपासनं. सुमनबाईंचा फोन आला आन् तसाच निघालो."

"आणि तू, शरणबसव?"

"हुलसूरला, भाचीच्या बारशाला. आत्ता यायलाव." त्याची नजर मोडलेल्या छज्ज्यावरून हलत नव्हती. "अक्का, हे असं कुनी काढतंय व्हय? मला तर डिप्लोमाच्या पयल्या वर्षालाच शिकवलंय."

शिवशंकरप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली वळवली.

पंचशीला सुमनबाईंजवळ जाऊन बसली.

"तुम्ही कधी आलात?"

"आठला, डबा घिऊन. ह्ये रोज दिवस उगवायला छज्ज्याला पानी माराया येतेत. पाईप चालूच व्हता, मीच बंद केला."

"हातोडा बघितलात?"

"न्हाई. पाईपच तेवढा दिसला."

"फोन कुणाला केला?"

"आधी मालकाला. सव्वाआठला त्यांची गाडी आली. मला म्हनले, सावलीला बसा, मी बघतो."

पंचशीला उठली. तिने शिवशंकरप्पांच्या नौबादच्या दुसऱ्या साईटवरच्या एका सभासदाला फोन लावून दोनच वाक्यं सांगितली आणि थांबली. दहा मिनिटांनी उत्तर आलं. तिने फोनवर सांगितलं, "स्लॅबखाली कुणाला थांबू देऊ नका," आणि ती मल्लेश्वरींकडे गेली.

"मॅडम, राजपालनी बल्ल्या काढल्या न्हाईत."

"कशावरून?"

"माझे वडील सेंट्रिंग मिस्त्री होते. असला छज्जा भिंतीनं धरलेला असतो, त्याची सळई वरच्या अंगाला असते. बल्ल्या काढायच्या तर रस्त्याकडनं सुरुवात करून भिंतीकडं यायचं. उलटं केलं की तो दोन टोकांवर तोलला जातो, खालच्या अंगाला सळई न्हाई म्हणून मधोमध मोडतो. इथं भिंतीकडच्या आधी काढल्यात. राजपाल हे करणार न्हाईत. शरणबसवही न्हाई, त्यालाही हे ठाऊक हाय."

"मग हातोडा?"

"पाणी चालू असताना छज्जा पडला, सगळ्यावर चिखल उडाला. हातोडा मात्र कोरडा. तो नंतर ठेवलाय. सुमनबाई आल्या तेव्हा नव्हता, तुम्ही आलात तेव्हा होता. मधे इथं एकच माणूस एकटा होता."

शिवशंकरप्पांचा रुमाल खाली आला.

"मी कलबुर्गीला व्हतो, सांगितलं की."

"कलबुर्गीहून साठेक किलोमीटर पंधरा मिनिटांत येता येतं, अप्पा? तुम्ही हुमनाबादमध्येच होता. काल संध्याकाळी नवी माणसं आणून भिंतीकडच्या नऊ बल्ल्या काढल्यात आणि टेम्पोनं नौबादच्या साईटवर नेल्यात. तिथं आज स्लॅब ओततायत. बल्ल्यांवर राजपालच्या निळ्या रंगातली तारीख हाय. आमच्या माणसानं आत्ताच मोजल्या, टेम्पोवाल्यालाही विचारलं."

"मग रस्त्याकडच्या पुढच्या कामून ठेवल्या?" मल्लेश्वरींनी विचारलं.

पंचशीलाने उभ्या बल्ल्यांकडे बोट दाखवलं. "आमच्यासाठी. रस्त्यावरनं बघितलं तर सगळं जागेवर दिसावं म्हणून. राजपालही रस्त्याकडनंच आले. अंधुक उजेडात त्यांनाही पुढच्या बल्ल्या उभ्या दिसल्या. रात्रभर कसाबसा तगलेला छज्जा पाण्याच्या वजनानं खाली आला."

शिवशंकरप्पांनी रुमाल खिशात कोंबला.

"तुमची मानसं रोज बघून जायची," शिवशंकरप्पा शेवटी म्हणाले. "मला वाटलं, पुढच्या ठिवल्या की बास. मला काय म्हाईत असं मोडतंय?"

"ह्यांना म्हाईत व्हतं," सुमनबाई म्हणाल्या. त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कुणालाच कळलं नव्हतं. "ह्यांना इचारायचं."

दुपारी मल्लेश्वरी शिवशंकरप्पांना जीपमध्ये बसवून घेऊन गेल्या आणि संध्याकाळी बल्ल्या जप्त करायला नौबादला पोहोचल्या. पण अर्धा स्लॅब ओतून झाला होता. ओलं काँक्रीट त्याच नऊ बल्ल्यांवर तोललेलं होतं. एक जरी हलवली तरी सगळं खाली आलं असतं. त्यांनी आहे तिथेच प्रत्येकीला मोहोर लावली आणि दारात शिपाई बसवला.

मुदतीआधी बल्ल्यांना कुणी हात लावू नये म्हणून संघटनेने शिपायाच्या जोडीला आपली माणसं ठेवायचं ठरवलं. पाळ्यांच्या यादीत सुमनबाईंनी पहिलं नाव स्वतःचं घालायला लावलं.